जेसीबी येण्याआधी: मोठं नेटवर्क कसं आखायचं

चाकणच्या एका कारखान्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन लीज्ड लाइन (भाड्याने घेतलेल्या, फक्त आपल्यासाठीच्या डेटा लाइन) होत्या. एक मुख्य, एक बॅकअप. ड्रॉइंगवर दोन रेषा दोन दिशांनी ऐटीत बाहेर पडत होत्या, आणि ते ड्रॉइंग मीच काढलं होतं. एका सकाळी गेटसमोर जेसीबीने चर खणला आणि दोन्ही लाइन एकाच मिनिटाला गेल्या. कंपन्या दोन, बिलं दोन, राउटर दोन; चर मात्र एकच. गेटपासून पुढे बरंच अंतर दोघींचं फायबर शेजारी शेजारी जात होतं. इन्व्हॉइस आणि ई-वे बिल काढणारा सर्व्हर नवी मुंबईत, त्यामुळे माल भरलेल्या गाड्या संध्याकाळपर्यंत आवारात उभ्या.

त्या दिवसापासून माझी कामाची पद्धत उलटी झाली. आधी काय काय तुटू शकतं ते लिहायचं, मग रेषा ओढायच्या. पुढचं सगळं त्याच क्रमाने सांगतो. हाताशी एक उदाहरण असावं म्हणून एक काल्पनिक कंपनी धरू: चाकणला सहा शेडचा कारखाना, बाणेरला तीन मजल्यांचं ऑफिस, पुण्यातल्याच एका डेटा सेंटरमध्ये दोन रॅक आणि आपत्तीच्या वेळेसाठी नवी मुंबईत एक रॅक. माणसं साधारण अकराशे, कॅमेरे १२०, शिवाय मशिनांवरचे पीएलसी (मशिन चालवणारे छोटे संगणक), बारकोड स्कॅनर, फोन. फार मोठं नाही, पण गुंतागुंत व्हायला एवढं पुरतं.

१. आधी विचारा: काय बंद पडलं तर कोण ओरडेल?

बहुतेक ठिकाणी पहिली बैठक "कुठल्या कंपनीचे स्विच घ्यायचे" यावर सुरू होते. तो विषय निदान महिनाभर बाजूला ठेवा. त्याऐवजी प्रत्येक खात्यात जाऊन एकच प्रश्न विचारा: तुमचं नेटवर्क गेलं तर किती वेळाने काम थांबेल? डिस्पॅचवाले म्हणतील दहा मिनिटं. असेंब्ली लाइनवाले म्हणतील लगेच. एचआरवाले प्रामाणिक असतील तर म्हणतील उद्यापर्यंत चालेल. हे आकडे लिहून त्यावर खातेप्रमुखाची सही घ्या. पुढे बजेट कापायची वेळ आली की हाच कागद कामाला येतो.

"कायम चालू पाहिजे" हे उत्तर स्वीकारू नका, त्याचे आकडे करून दाखवा. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद. ९९.९९ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे ५३ मिनिटं. आणि साखळीतली प्रत्येक कडी हिशेबात धरा: ९९.९ टक्क्यांच्या तीन गोष्टी एकामागोमाग असतील तर हातात ९९.७ उरतात. उलट, प्रत्येकी ९९ टक्क्यांच्या दोन लाइन शेजारी शेजारी लावल्या तर कागदावर ९९.९९ मिळतात. माझ्या चाकणच्या ड्रॉइंगवर हाच आकडा होता. पण ते गणित दोन्ही लाइन एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच खरं. चर एक असेल तर ती लाइनही एकच, मग बिलं कितीही येवोत.

मग वाहतूक मोजा. अंदाज करू नका, जुनं नेटवर्क समोर असताना अंदाज कशाला? मुख्य स्विच आणि राउटरवर नेटफ्लो किंवा एसफ्लो (कोण कोणाशी किती बोलतं याची नोंद) चालू करून निदान चार आठवडे नोंद घ्या, म्हणजे त्यात महिनाअखेर येते. पाच मिनिटांच्या सरासरीच्या आलेखावर फार भरवसा ठेवू नका. पाच सेकंदांसाठी लाइन तुडुंब भरली तरी तो शांतच दिसतो. कुठला सर्व्हर कुठल्या पोर्टवर कोणाशी बोलतो हे नेमकं कळलं नाही तर तिथे प्रत्येक पॅकेट (डेटाचा तुकडा) उघडून दाखवणारं वायरशार्क लावा. १९९८ मध्ये इथरिअल नावाने सुरू झालेलं हे साधन आजही फुकट आहे आणि अनेक महागड्या पेट्यांपेक्षा जास्त खरं बोलतं.

काही हिशेब मात्र पाटीवरच होतात. एक कॅमेरा ४ मेगाबिटने चालला तर दिवसाला ४३ जीबी. १२० कॅमेरे म्हणजे ४८० मेगाबिट सतत, आणि ३० दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवायचं तर सुमारे १५५ टीबी. हे सगळं बाणेरच्या ऑफिसात आणून साठवायचा हट्ट कोणी धरला तर त्याला एवढे दोन आकडे दाखवा. रेकॉर्डर चाकणलाच ठेवायचं लगेच ठरतं. फोनचं उलटं. आवाजाचे आकडे करण्याच्या जी.७११ पद्धतीचा एक कॉल इथरनेटवर सुमारे ८७ किलोबिट खातो, म्हणजे शंभर कॉल एकदम चालले तरी ९ मेगाबिटच्या आत. पण आवाजाला उशीर खपत नाही. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवा, ही आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे. म्हणजे कॅमेऱ्याला रुंद रस्ता लागतो आणि फोनला मोकळा.

२. जागेवर जा, बूट घालून

ही पायरी लोक फोटोंवर भागवतात आणि नंतर भोगतात. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. त्यातले ९० भिंतीतले आणि १० दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डचे. शेडमध्ये सरळ मापलेले ७० मीटर वर ट्रेमध्ये चढून, खांबाला वळसा घालून खाली उतरेपर्यंत ९५ होतात. टेप घेऊन केबलच्या वाटेने चाला, पाखरासारखं सरळ मापू नका.

चालताना आणखी तीन गोष्टी बघा. डेटा केबलचा ट्रे वेल्डिंग मशिनच्या पॉवर केबलला चिकटून जातोय का? दोन इमारतींच्या मधे कुठे तांब्याची केबल ओढलेली आहे का? असेल तर ती काढून फायबर टाका, चर्चा नको. वळवाच्या पावसात वीज पडली की दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरक त्याच केबलमधून वाट काढतो आणि दोन्हीकडचे स्विच जळतात. फायबर काचेचं, त्यातून वीज जात नाही. तिसरी गोष्ट पाण्याची: फायबरचे चेंबर जूनच्या आधी उघडून बघा. आत बेडूक दिसला तर वॉटरप्रूफिंगचा अहवाल वाचायची गरज नाही.

विजेचाही नकाशा काढा. दोन कोअर स्विच घेतले, पण दोघांच्या चारही पॉवर केबल एकाच यूपीएसला, हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिलंय की आता रॅकची मागची बाजूच आधी बघतो. भोसरी-चाकणकडे बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, आणि वीजदुरुस्तीची कामंही लोक त्याच दिवशी उरकतात. त्या दिवशी जनरेटरवर नेमकं काय चालतं आणि काय नाही ते स्वतः उभं राहून बघा. सुरक्षारक्षकाच्या केबिनमधला छोटा स्विच जनरेटरवर नसतो आणि गेटचे चार कॅमेरे त्याच्यावर असतात, असल्या गोष्टी कुठल्याच ड्रॉइंगमध्ये सापडत नाहीत.

३. पत्ते वाटा, पण पेठांसारखे नको

पुण्यातल्या पेठांमध्ये घर क्रमांक शोधणाऱ्याला वाटेल, इथे आकड्यांचा आणि अंतराचा काही संबंधच नाही. पुष्कळ नेटवर्कची तीच अवस्था असते: जसजशी गरज पडली तसतसे तुकडे तोडून दिलेले.

खाजगी वापरासाठीच्या पत्त्यांचे तीन पट्टे १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या दस्तऐवजाने ठरवून दिले आहेत. त्यातला १०.०.०.०/८ मोठ्या नेटवर्कला सोयीचा (तिरक्या रेषेपुढचा आकडा जितका छोटा तितका पट्टा मोठा). १९२.१६८.१.० च्या वाटेला जाऊ नका. कर्मचाऱ्यांच्या घरचे निम्मे राउटर तेच वापरतात आणि व्हीपीएनवरून आल्यावर गोंधळ होतो. १७२.१७ पासूनही जपून, डॉकर (सॉफ्टवेअर वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) स्वतःच्या अंतर्गत जाळ्यासाठी मुळातच तो पट्टा धरतो.

आपल्या कंपनीसाठी मी असं वाटप करेन: चाकण १०.१६.०.०/१४, बाणेर १०.२०.०.०/१४, पुण्याचं डेटा सेंटर १०.२४.०.०/१४, नवी मुंबई १०.२८.०.०/१४. प्रत्येकाला अडीच लाखांहून जास्त पत्ते. उधळपट्टी वाटेल, पण खाजगी पत्त्यांना पैसे पडत नाहीत, आणि फायदा मोठा आहे: प्रत्येक ठिकाण बाहेरच्यांना एका ओळीत सांगता येतं, आणि चारही मिळून १०.१६.०.०/१२ या एकाच ओळीत बसतात. फायरवॉलचे नियम छोटे होतात. रात्री दोन वाजता लॉगमध्ये १०.१७ दिसलं की "चाकण" असं झोपेतही कळतं.

ठिकाणाच्या आत तिसरा आकडा कामानुसार ठरवा: ऑफिसचे संगणक, फोन, कॅमेरे, मशिनं, स्कॅनर, पाहुणे, आणि स्विच-राउटरच्या देखभालीचं वेगळं जाळं. एका व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर पाडलेलं वेगळं आभासी जाळं) /२३ म्हणजे ५१० यंत्रं, त्याच्या वर सहसा जाऊ नये. तेच व्हीलॅन क्रमांक सगळ्या ठिकाणी तेच काम दाखवतील असं ठेवा. पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा, म्हणजे आयपीव्ही६ चा, आराखडाही याच बैठकीत उरकून घ्या, चालू नंतर केलात तरी चालेल.

हे सगळं एक्सेलमध्ये ठेवायचा मोह होईल. पहिले सहा महिने ठीक चालतं, मग "अंतिम", "अंतिम २" आणि "अंतिम नवीन" अशा तीन फाइली फिरू लागतात. त्यापेक्षा नेटबॉक्स लावा. हे मुक्त स्रोत साधन डिजिटलओशनमध्ये तयार झालं आणि २०१६ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. पत्ते, रॅक, पोर्ट, केबल, लाइनचे सर्किट क्रमांक हे सगळं त्यात एकमेकांना जोडून राहतं. मोठी गोष्ट अशी की पुढे सेटिंग्ज तयार करणारी स्क्रिप्ट थेट त्यातूनच माहिती उचलू शकते.

४. आकार ठरवा, आणि इथे वेळ घालवा

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ मधोमध दाटीने, बाकी १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर, साधारण २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. प्रत्येक अँटेना ऑप्टिकल फायबरने मधल्या इमारतीला जोडलेली. नेटवर्कवाल्याच्या डोळ्याने पाहिलं तर हा सरळ तारा आहे, मधे गाठ आणि बाहेर टोकं. तिथे तोच आकार बरोबर, कारण प्रत्येक अँटेनाचा सिग्नल मधेच यायचा असतो, तिथेच तो इतरांशी ताडून पाहिला जातो. शिवाय एक अँटेना गळली तरी २९ उरतात. तुमच्या कारखान्यात पेंट शॉपचं जाळं गळलं तर उरलेल्या पाच शेडचा उपयोग काय? कुठलाही आकार मुळात चांगला-वाईट नसतो. वाहतूक कुठून कुठे जाते आणि काय गमावलेलं चालेल, हे दोन प्रश्न तो ठरवतात.

पाठ्यपुस्तकात तीन थर असतात: खाली यंत्रं जोडणारे स्विच, मधे त्यांना गोळा करणारे, वर कोअर. अकराशे माणसांना तीन थर म्हणजे वन बीएचकेला तीन जिने. आपल्या उदाहरणात मधला आणि वरचा थर एकत्र करा. चाकणला दोन कोअर स्विच, पण दोन वेगवेगळ्या इमारतींत. प्रत्येक शेडपासून दोन फायबर, एक पूर्वेकडून आणि एक पश्चिमेकडून, दोन कोअरकडे. एकाच ट्रेमधून दोन फायबर नेलीत तर फोर्कलिफ्टचा एक धक्का पुरतो.

आता खरा वादाचा मुद्दा: शेडपर्यंत लेअर दोन न्यायचा की लेअर तीन? म्हणजे एकच व्हीलॅन सगळ्या कारखान्यात पसरवायचा, की प्रत्येक शेड वेगळं सबनेट (पत्त्यांचा वेगळा गट) आणि मधे राउटिंग? माझं मत सरळ आहे, राउटिंग शेडच्या दारापर्यंत न्या. कारण लूप, म्हणजे स्वतःकडेच परत येणारी वाट. एका ऑफिसात मीटिंगच्या टेबलाखाली कोणीतरी लोंबणारं पॅच कॉर्डचं टोक "नीट" करून शेजारच्या भोकात खोचलं, आणि स्वतःलाच जोडलेल्या त्या एका केबलने तीन मजले बसवले. राउटिंगची भिंत असती तर एका कोपऱ्यावर भागलं असतं.

लूप आवरण्यासाठी स्पॅनिंग ट्री आहे, १९८५ मध्ये रेडिया पर्लमन यांनी शोधलेली. गुणी पद्धत आहे, पण तिच्या तब्येतीने सोडली तर गंमत करते. मुळाचा स्विच कोण, हे ती आधी प्रायॉरिटीवर आणि बरोबरी झाल्यास सर्वांत छोट्या मॅक पत्त्यावर (यंत्राचा कारखान्यातून आलेला क्रमांक) ठरवते. सगळ्यांची प्रायॉरिटी मुळातच ३२७६८ असते. मॅक पत्ता बहुधा सर्वांत जुन्या स्विचचा छोटा असतो, म्हणून स्टोअररूममधला धूळ खात पडलेला बारा वर्षांचा स्विच कारखान्याचा राजा होऊन बसतो. तेव्हा कोअरला ४०९६ आणि दुसऱ्या कोअरला ८१९२ हाताने द्या, यंत्रं लागतात त्या प्रत्येक पोर्टवर बीपीडीयू गार्ड (तिथे चुकून स्विच जोडला तर पोर्ट बंद करणारी सोय) लावा, आणि रॅपिड पद्धतच वापरा. जुनी पद्धत सावरायला ३० ते ५० सेकंद घेते, तेवढ्यात पीएलसी लाइन थांबवून मोकळा होतो.

राउटिंगसाठी आत ओएसपीएफ (राउटरांनी आपसांत रस्ते ठरवायची पद्धत) पुरे. त्याची मुळातली वेळ मात्र सैल आहे: दर १० सेकंदांनी हाक, ४० सेकंद उत्तर नाही आलं तर शेजारी मेला असं समजायचं. फायबर थेट तुटलं तर लगेच कळतं. पण मधे सेवा देणाऱ्या कंपनीचं यंत्र असेल तर दिवा हिरवाच राहतो आणि ४० सेकंद पॅकेट काळ्या खड्ड्यात जातात. तिथे बीएफडी (शेजारी जिवंत आहे का हे झटपट तपासणारी पद्धत) लावा. ३०० मिलिसेकंदांच्या तीन हाका चुकल्या की सेकंदाच्या आत रस्ता बदलतो.

डेटा सेंटरमध्ये आजकाल सगळ्यांना लीफ-स्पाइन (स्विचचे दोन थर, खालचा प्रत्येक वरच्या प्रत्येकाला जोडलेला) हवं असतं. कल्पना जुनी आहे. चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी तिचं गणित मांडलं होतं. छोटे छोटे स्विच थरांत रचून मोठ्या स्विचचं काम घ्यायचं. सर्व्हर आपापसांत भरपूर बोलत असतील आणि रॅक वाढत जाणार असतील तर याला तोड नाही. पण दोन रॅकसाठी? दोन चांगले स्विच, प्रत्येक सर्व्हर दोन्हींना जोडलेला, संपलं. व्हीएक्सलॅनचंही (राउटिंगच्या जाळ्यावरून व्हीलॅन पसरवण्याची पद्धत) तेच. व्हीलॅनच्या ४०९४ क्रमांकांऐवजी त्यात सुमारे १.६ कोटी मिळतात. तुम्हाला चाळीस लागणार असतील तर त्यासाठी डोक्याला ताप कशाला? हौसेने लावलंच तर प्रत्येक पॅकेट ५० बाइटने फुगतं हे लक्षात ठेवून मधल्या सगळ्या लिंकवर एमटीयू (सर्वांत मोठ्या पॅकेटची मर्यादा) वाढवा. नाहीतर पिंग (छोटं पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघणं) चालतं, लॉगिनचं पान उघडतं आणि फाइल तेवढी जात नाही. या एका लक्षणावर लोकांनी आठवडे घालवलेत.

लिंकची क्षमता ठरवताना तुटलेली अवस्था धरा. ४८ पोर्टचा एक गिगाबिटचा स्विच, वर १० गिगाबिटच्या दोन लिंक: खाली ४८, वर २०, म्हणजे २.४ ला १. एक लिंक तुटली की ४.८ ला १. साध्या ऑफिसला २० ला १ पर्यंत चालतं असा जुना ठोकताळा आहे, म्हणजे इथे हरकत नाही. पण बाहेरच्या दोन लीज्ड लाइन दोन्ही ७० टक्के भरून चालत असतील तर तुमच्याकडे बॅकअप नाही. बिल मात्र आहे. एक गेल्यावर १४० टक्के भार दुसरीवर कसा बसणार? दोन असतील तर प्रत्येकी निम्म्याच्या आत ठेवा.

पीओईचा (डेटा केबलमधूनच यंत्राला वीज देण्याचा) हिशेबही इथेच करा. ४८ पोर्टना प्रत्येकी ३० वॅट म्हणजे १४४० वॅट, आणि स्विचचं पॉवर बजेट ७४० असेल तर पूर्ण ताकदीने २४ च पोर्ट चालतील. पंचविसावा अ‍ॅक्सेस पॉइंट लावल्यावर हे कळू नये.

५. बाहेरच्या लाइन: माती कुठून खणली आहे ते विचारा

करार करण्याआधी दोन्ही कंपन्यांकडून फायबरच्या मार्गाची केएमएल (नकाशावर उघडणारी) फाइल मागा आणि दोन्ही एकाच नकाशावर एकावर एक ठेवा. सेल्सवाला म्हणेल, "सर, आमचा रूट पूर्ण वेगळा आहे." नकाशा दाखवल्याशिवाय ऑर्डर नाही, एवढंच म्हणा. एका कंपनीने दुसरीचं फायबर भाड्याने घेतलेलं असणं ही अगदी रोजची गोष्ट. इमारतीत शिरायची भोकंही दोन हवीत, दोन बाजूंना. मार्ग खरोखर वेगळा मिळतच नसेल तर दुसरी लाइन जमिनीखालून घेऊच नका. छतावरून रेडिओ लिंक घ्या. तिचा वेग कमी असेल, पाऊस जोराचा आला की थोडी कुरकुरेल, पण जेसीबी छतावर चढत नाही.

एक छोटी युक्ती. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन १ मिलिसेकंदात सुमारे १०० किलोमीटरचं फायबर. पुणे ते नवी मुंबईचा पिंग तीन-चार मिलिसेकंद आला तर ठीक. वीस आला तर तुमचं पॅकेट भलतीकडेच तीर्थयात्रा करून येतंय. करारात हा आकडा लिहून घ्या.

स्वतःचे सार्वजनिक पत्ते आणि एएस क्रमांक (इंटरनेटवर आपल्या जाळ्याची ओळख) घेऊन दोन्ही कंपन्यांशी बीजीपी (जाळ्याजाळ्यांत रस्ते कळवण्याची पद्धत) चालवता येत असेल तर उत्तम. भारतात ते आयआरआयएनएन या नोंदणी संस्थेकडून मिळतात. जमत नसेल तर एसडी-वॅनची (दोन्ही लाइनवर वाहतूक सॉफ्टवेअरने वाटणारी) पेटी बऱ्यापैकी काम करते.

६. कोणी कोणाशी बोलायचं नाही ते ठरवा

मशिनांचं जाळं आणि ऑफिसचं जाळं यांच्यामधे फायरवॉल, यावर तडजोड नाही. पीएलसी वीस वर्षं चालतो, त्यात सुरक्षेचे अपडेट जवळजवळ येतच नाहीत, आणि हिशेब खात्यातल्या एका चुकीच्या ईमेलने प्रेस शॉप थांबू नये. आयईसी ६२४४३ हे मानक याच विचारावर उभं आहे: यंत्रांचे गट पाडा आणि गटांमधल्या वाटा मोजक्या, नोंद ठेवलेल्या असू द्या. मशिन दुरुस्त करणाऱ्या कंपनीचा माणूस बाहेरून थेट आत येत असेल तर ती वाट मधल्या एका सर्व्हरवर थांबवा, आणि काम संपलं की बंद.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांमुळे आराखड्यात तीन गोष्टी येतातच: सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची, लॉग १८० दिवस ठेवायचे, आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची. म्हणून लॉगचा सर्व्हर आणि दोन एनटीपी (वेळ जुळवणारे) सर्व्हर पहिल्या दिवसापासून यादीत असू द्या. घड्याळं जुळलेली नसली तर दोन लॉग शेजारी ठेवून काहीच कळत नाही, हे निर्देश नसते तरी खरंच होतं.

वाय-फायवर फार लिहीत नाही, तो वेगळ्या लेखाचा विषय. एवढंच: २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ ही तीनच चॅनेल एकमेकांच्या पायात येत नाहीत, आणि गोदामाचा सर्व्हे माल भरलेला असताना करा. रिकाम्या गोदामात सिग्नल सगळीकडे पोचतो.

७. उभारण्याआधी तोडा

इथवर कागद होता. आता प्रयोगशाळा.

चित्रासाठी ड्रॉ.आयओ पुरतं. फक्त तीन चित्रं वेगळी काढा: केबल प्रत्यक्ष कुठून जाते ते, व्हीलॅनचं, आणि राउटिंगचं. तिन्ही एकात कोंबलीत की ते चित्र भिंतीवर लावायच्याच कामाचं.

चालवून बघण्यासाठी पॅकेट ट्रेसर शिकायला छान, पण तो खऱ्या स्विचचा नुसता देखावा आहे; आराखडा तपासायला वापरू नका. जीएनएस-३ आणि ईव्ह-एनजी यांत खऱ्या उपकरणांचं सॉफ्टवेअर आभासी यंत्रात चालतं. सगळं मजकुराच्या फाइलमधून उभं करायला आवडत असेल तर नोकियातून आलेलं कंटेनरलॅब बघा. एका छोट्या फाइलीत वीस राउटर लिहायचे, एक आज्ञा द्यायची, जाळं तयार. एफआरआर हे मुक्त स्रोत राउटिंग सॉफ्टवेअर त्यात घातलं तर ३२ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर अख्खी आपली कंपनी मावते. पुणे-नवी मुंबईची खरी परिस्थिती आणायला लिनक्सच्या नेटएमने त्या लिंकवर ४ मिलिसेकंद उशीर आणि अर्धा टक्का गळती घाला. मर्यादा लक्षात ठेवा: स्विचच्या चिपचा वेग, बफर आणि तक्त्यांची क्षमता आभासी प्रयोगात कळत नाही. त्यासाठी विक्रेत्याकडून दोन खरे स्विच पंधरा दिवस मागून घ्या आणि वेग मोजणारं आयपर्फ चालवा.

माझं सर्वांत लाडकं साधन बॅटफिश. त्याला यंत्रं लागतच नाहीत. सगळ्या स्विच-राउटरच्या सेटिंग्जच्या फाइली द्यायच्या आणि विचारायचं: ही लिंक गेली तर स्कॅनर इन्व्हॉइस सर्व्हरपर्यंत पोचेल का? पाहुण्यांच्या वाय-फायवरून पीएलसीला कुठूनही वाट आहे का? ते गणिताने उत्तर देतं. एकदा यातून मला कळलं की मी स्वतः लिहिलेल्या एका नियमाने बॅकअप मार्गावरचे फोन अडवले होते. मुख्य मार्ग चालू असेपर्यंत ते कधीच दिसलं नसतं.

आता तुटण्याचा तक्ता. डावीकडे मरू शकणारी प्रत्येक गोष्ट: प्रत्येक लिंक, स्विच, पॉवर सप्लाय, यूपीएस, ट्रे, डक्ट, सर्व्हर. समोर तीन रकाने: वापरणाऱ्याला काय दिसेल, किती सेकंद, आणि आपल्याला कोण सांगेल. प्रयोगशाळेत एकेक तोडा आणि रकाने भरा. लपलेले धागे इथेच बाहेर येतात. चाकणचा डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणारा) सर्व्हर डेटा सेंटरमध्ये ठेवलाय? मग बाहेरच्या लाइन गेल्यावर शेडमधल्या शेडमध्ये काम करणाऱ्या स्कॅनरलाही पत्ता मिळणार नाही. डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा) तिकडेच? मग कारखान्यातला सर्व्हर शेजारच्या खोलीत असूनही कोणाला सापडणार नाही. हे दोन्ही प्रत्येक ठिकाणी स्थानिक ठेवा. दोन फायरवॉलची जोडी एकाच आवृत्तीवर चालते आणि तोच बग दोघींना एकदम पाडतो, हेही तक्त्यात लिहा. आणि एक ओळ माणसाची: सगळे पासवर्ड ज्याच्या डोक्यात आहेत तो गणपतीला कोकणात गेला तर?

तक्ता पूर्ण झाल्यावरच खरेदीची यादी काढा. किती पोर्ट, किती वॅट, कुठली ऑप्टिक्स (फायबर स्विचला जोडणारे मॉड्यूल) हे सगळं आता आपोआप ठरलेलं असतं. ऑप्टिक्स हिशेबाने घ्या: ओएम-३ मल्टिमोडवर (जवळच्या अंतराच्या फायबरवर) १० गिगाबिट ३०० मीटर जातं, पण नवीन टाकताय तर सिंगलमोडच (लांबच्या अंतराचं फायबर) टाका, उद्या वेग वाढवायला काच बदलावी लागत नाही. पॅच कॉर्ड आणि किरकोळ सामान कमी पडलं तर पुण्यातली तपकीर गल्ली, विजेच्या सामानाचा बाजार, आहेच, फक्त तिथून आणलेली प्रत्येक कॉर्ड टेस्टरवर लावून घ्या.

८. बदलाची रात्र

आपल्याकडे बुधवारची रात्र सोयीची, दुसऱ्या दिवशी कारखाना बंद. सगळ्या सेटिंग्ज गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) ठेवा आणि त्या आपोआप यंत्रांवर लिहिणाऱ्या अ‍ॅन्सिबलने ढकला. रात्री अकरानंतर हाताने टाइप केलेल्या ओळीवर माझा स्वतःच्याही बाबतीत विश्वास नाही. एकेक शेड बदला, सहा एकदम नाही. आणि परतीची वेळ आधीच ठरवा: पहाटे साडेतीनपर्यंत यादीतल्या चाचण्या पास झाल्या नाहीत तर जुन्यावर परत. ही वेळ दमलेल्या माणसांनी तिथेच ठरवायची नसते, तेव्हा सगळ्यांना "अजून दहा मिनिटं" दिसत असतात.

निगराणी जुन्या नेटवर्कवरच आठवडाभर आधी सुरू करा, लिब्रेएनएमएस किंवा झॅबिक्स, काहीही. नाहीतर नंतर "पूर्वी वेगवान होतं" या तक्रारीला उत्तर द्यायला आकडा नसतो.

शेवटची चाचणी मी स्वतः करत नाही. गुरुवारी दुपारी प्लांट मॅनेजरना कोअर रूममध्ये बोलावतो, स्क्रीनवर इन्व्हॉइस सर्व्हरचा पिंग चालू ठेवतो आणि म्हणतो, "साहेब, यातली कुठलीही एक केबल उपटा." चाकणच्या त्या जेसीबीनंतरच्या पहिल्या कामात साहेब बराच वेळ रॅककडे बघत राहिले, मग त्यांनी सर्वांत जाड दिसणारी केबल ओढली. पिंगच्या दोन ओळी चुकल्या, तिसरीपासून पुन्हा सुरू. त्यांनी ती केबल हातात तशीच धरून ठेवली आणि विचारलं, "आता दुसरीपण काढू?"

तक्त्यात ती ओळ होती. मी काढू दिली.